पाऊस यायच्या आधीची शैलाताई

शैलाताई कुणाच्याही घरी गेली की चपला काढून त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवत असे. निघताना पाय घातले की माणूस सरळ रस्त्यावर. स्कूटरही तशीच लावायची, तोंड रस्त्याकडे. घरात आल्यावर पाणी पिण्याआधी स्वयंपाकघरात डोकावायची, सिलिंडरचं बटण बंद आहे ना बघायची आणि मग "हं, आता द्या पाणी" म्हणून बसायची. माझ्या लग्नानंतर ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा माझ्या बायकोला, सुनीताला, वाटलं की नणंद सासरच्या वतीने ओट्याची तपासणी करायला आली आहे. पुढच्या वेळी ती यायच्या आधी सुनीताने डबेसुद्धा घासून ठेवले होते. ताईने डब्यांकडे पाहिलंही नाही. गॅसची नळी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाली, "ही बदल. कडक झाली." आमच्या संसारावरचा तिचा एवढाच शेरा.

शैलाताई माझी चुलत बहीण. माझ्याहून थोडीच मोठी, पण जन्मापासूनच प्रौढ. आमचं घराणं जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, असं आम्ही छाती पुढे काढून सांगतो. ते तलवार घेऊन नव्हे, दौत-लेखणी घेऊन आले होते, हे कुणी खोदून विचारल्याशिवाय सांगत नाही. ती परंपरा आम्ही इमानाने चालवली. घरात शिक्षक झाले, कारकून झाले, मी बँकेत चिकटलो. सरकारी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचा मान मिळवला तो एकट्या शैलाताईने. राज्याची परीक्षा देऊन ती नायब तहसीलदार झाली. आम्हाला फार कौतुक वाटलं, पण तिची स्वतःच्या हुद्द्याची व्याख्या वेगळी होती. "वरून हुकूम येते. तो वस्तीत नेऊन द्यायचा, तिथल्या शिव्या घ्यायच्या अन् वापस यायचं. याले नायब तहसीलदार म्हणते."

नोकरीची शेवटची काही वर्षं तिच्याकडे शहरातल्या पुराच्या बंदोबस्ताचं काम होतं. पावसाळ्यात कलेक्टर कचेरीतल्या एका खोलीवर 'बाढ़ नियंत्रण कक्ष' अशी पाटी लागायची. मी एकदा डबा द्यायला गेलो होतो. मला वाटलं होतं, आत पडदे असतील, लाल दिवे लुकलुकत असतील. आत एक टेबल, दोन फोन, खिळ्याला टांगलेले ओले रेनकोट आणि भिंतीवर शहराचा मोठा नकाशा. नकाशासमोर ताई कमरेवर हात ठेवून उभी. आमची आजी पोळी करपल्यावर तव्याकडे जशी बघायची, तशी ती नकाशाकडे बघत होती.

तिचा एक आवडता प्रश्न होता, "आणि तसं नाही झालं तर?" या प्रश्नाने तिने आमच्या घरातली कितीतरी मंगल कार्यं झाकोळून टाकली. माझ्या मुलीच्या, केतकीच्या, लग्नाची बोलणी चालू होती. मांडववाला आला होता. तो म्हणाला, "दीदी, लाइट की गारंटी है. आप बिलकुल टेंशन मत लो." ताई म्हणाली, "भैया, टेंशन नहीं ले रही, जनरेटर ले रही हूँ." जनरेटर आला. लग्नात लाइट क्षणभरही गेली नाही. जनरेटर मांडवामागे नव्या नवरदेवासारखा झूल पांघरून बसून राहिला आणि मी येता-जाता त्याच्याकडे आणि ताईकडे आळीपाळीने बघत राहिलो. ती आरामात जिलेबी खात होती.

एकदा तर तिने मला मारलं. कागदोपत्री. घमापुरातल्या एका शाळेच्या मैदानावर सरकारी सराव होता, ज्याला सगळे मॉक ड्रिल म्हणतात. भिंत पडली, माणसं सापडली, असं समजायचं. त्यासाठी जखमी माणसं हवी होती आणि तिच्या कचेरीत उन्हात पडून राहायला कुणी तयार नव्हतं. मग नातेवाईक कशासाठी असतात? माझ्या गळ्यात चिठ्ठी अडकवली, 'पाय मोडला, शुद्धीवर'. मी निष्ठेने विव्हळत पडलो. अँब्युलन्स आली, जास्त जखमींना घेऊन गेली. माझ्यावर ऊन आलं. समोर चहाची टपरी होती. मी तिकडे गेलो, पण भूमिकेचं भान ठेवून लंगडत गेलो. परत येऊन बघतो तर ताई माझ्या जागेवर उभी.

"तू मेला," ती म्हणाली.

"अगं, चहा घ्यायला गेलो होतो."

"पाय मोडलेला माणूस चहाले जाते का? तुझी शुद्ध हरपली, कोणाच्या लक्षात आलं नाही, मेला. जा आता घरी."

नंतरच्या बैठकीत तिने सगळ्या अधिकाऱ्यांसमोर सांगितलं की सरावात एक मृत्यू झाला, कारण मागे राहिलेल्या जखमींजवळ कुणी बसलेलं नव्हतं. तेव्हापासून तिच्या आराखड्यात जखमींजवळ बसून राहणारा एक माणूस ठरलेला असायचा. ज्याने दुसरं काहीही करायचं नाही, नुसतं बसायचं. सरकारी धोरणावर माझा पडलेला प्रभाव एवढाच. सुनीताने मात्र त्या दिवशी नागपूरपर्यंत फोन करून "अहो, हे वारले" म्हणून सगळ्यांना सांगितलं.

ताईची खरी काळजी होती एका वस्तीची. घमापुराच्या बाजूने एक नाला जातो. त्याच्या काठाला एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. विटांची बुटकी घरं, वर पत्रे, मागची भिंत थेट नाल्यावर. शहरात एकदम पाऊस कोसळला की नाला फुगतो आणि मागच्या भिंतीतून घरात येतो. तो येतो तेव्हा गल्लीतून बाहेर पडायची वाट सगळ्यांत आधी बुडते. "म्हणून पाणी दिसायच्या आधी निघायचं," ताई सांगायची. "पाणी दिसल्यावर काढतात ते वाचवणं. फोटो त्याचेच येतात. मला वाचवायचं नाही, मला नुसतं हलवायचं आहे."

हलवणं मात्र सोपं नव्हतं. टोल्यात रामकलीबाई नावाची एक म्हातारी होती. उंच, काटक, तोंडात तंबाखू. तिच्या दोन-तीन बकऱ्या होत्या आणि जिभेला हाड नव्हतं. रामकलीबाई उठली की टोला उठायचा, ती बसली की कलेक्टर आले तरी टोला बसून राहायचा. एका वर्षी अतिवृष्टीचा इशारा आला. ताईने सकाळीच जीपवर भोंगा लावून गल्लीगल्लीत मुनादी, म्हणजे दवंडी, दिली, हातापाया पडून टोला रिकामा केला आणि सगळ्यांना जवळच्या शाळेत नेलं. आणि पाऊस आलाच नाही. ढग आले, गडगडले आणि दुसऱ्याच जिल्ह्यात जाऊन बरसले. दुपारी लख्ख ऊन पडलं. वरून हुकूम आला, लोकांना घरी सोडा. खिचडी अजून चुलीवर होती. लोक उपाशीपोटी परत गेले. जाताना रामकलीबाई ताईसमोर थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मैडम, पिकनिक तो अच्छी थी. अगली बार खाना भी खिला देना."

हा विनोद शहरभर फिरला. नगरसेवक हसले, वरचे साहेब हसले, आमच्या बँकेतसुद्धा कुणीतरी मला जबलपुरी थाटात, म्हणजे मोठा भाऊ या अर्थी 'बड्डे' म्हणत, विचारलं, "काय बड्डे, तुम्हारी दीदी इस साल पिकनिक कहाँ ले जा रही हैं?" संध्याकाळी ताई घरी आली. मी जरा सांत्वनाच्या सुरात म्हणालो, "लोक हसून राहिले ताई."

"हसू दे," पोह्यांवर लिंबू पिळत ती म्हणाली. "हसायले शिल्लक आहेत ना?"

पण तेवढ्यावर तिचा विषय संपला नव्हता. पोहे संपल्यावर ती बशी स्वतःच विसळून आली. मग म्हणाली, "खिचडी खाऊन जाऊ द्यायला पाहिजे होतं. पुढच्या वेळी नाही उठणार ती बाई." पाऊस न आल्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. न झालेलं जेवण मात्र तिला लागलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या शाळेचं छत दुरुस्तीला काढलं. ताईला टोल्यासाठी दुसरी जागा हवी होती, म्हणून ती आमच्या मंडळाच्या बैठकीला आली. आमच्या मराठी मंडळाचा दीक्षितपुऱ्यात एक हॉल आहे. खाली फरशी, समोर स्टेज, मागे स्वयंपाकघर आणि एक टेबल टेनिसची खोली, जिथे टेबल आहे पण टेनिस कुणी खेळत नाही. मी मंडळाचा सेक्रेटरी आहे. ज्या बैठकीत निवड झाली तिला मी गैरहजर होतो, एवढीच माझी पात्रता. ताईने आपलं काम सांगितलं. अध्यक्ष अण्णा गहिवरून उठले. "शैला, अगं विचारतेस काय? हॉल तुझाच समज. केव्हाही या." टाळ्या पडल्या. मला आभार मानायचे होते आणि मी मागे कसा राहणार? मी म्हणालो, "नुसता हॉलच नव्हे, आमच्या सतरंज्या, आमची भांडी आणि आम्ही स्वतः!" पुन्हा टाळ्या.

आता, आपल्याकडे हे कसं बोलतात ते सगळ्यांना माहीत आहे. पाहुणा निघाला की दारात उभं राहून आपण म्हणतो, "या हं केव्हाही, घर तुमचंच आहे." त्या बोलण्यात माया असते, पण तारीख नसते. तो पाहुणा खरोखरच चार दिवसांनी वळकटी घेऊन आला तर आपलं तोंड बघण्यासारखं होतं. अण्णांनी हॉल त्या चालीवर दिला होता आणि मी सतरंज्या. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना ते समजलं होतं. फक्त एका व्यक्तीला समजलं नाही. ती उठून संडासांकडे गेली, नळ सोडून बघितले आणि परत येऊन विचारलं, "वरची टाकी रोज भरते का? अन् मोटर बिघडली तर?" सगळे हसले. शैलाताईचा नेहमीचा प्रश्न! त्या दिवशी तिने कचेरीतल्या नकाशावर आमच्या हॉलला हिरवी टाचणी टोचली.

श्रावणात केतकीची पहिली मंगळागौर होती. आमची लेक पुण्याहून आली, तिच्या सासूबाई नागपूरहून आल्या. विहीणबाई म्हणजे मालतीबाई. नागपूरच्या, ठसक्याच्या, आणि पाहुणचारातली उणीव लांबून हुंगणाऱ्या. माझी सगळी अब्रू त्या मंगळवारी पणाला लागली होती, असं मला सकाळपर्यंत वाटत होतं. हॉल सजला. स्टेजवर चौरंगावर गौर बसली, पत्रींची रास पडली. गुरुजींनी पूजा सांगितली. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. नऊवारी नेसलेल्या बायका नथी सावरत फुगड्यांसाठी पदर खोचत होत्या. बाहेर बारीक रिमझिम. मालतीबाई मला म्हणाल्या, "छान केलंत हो." मी हवेत होतो.

तेवढ्यात दारात शैलाताई उभी राहिली. आमंत्रण तिला होतंच, पण अंगावर रेनकोट होता, आणि मागे रामकलीबाई.

"हॉल लागणार आहे," ताई म्हणाली. "आता. मोठा इशारा आला आहे. दुपारनंतर पाऊस कोसळेल."

"ताई, अगं मंगळागौर आहे!"

"माहीत आहे मला. हळदीकुंकू नंतर घेईन." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक. ही बाई म्हणते, पहिले जागा दाखवा, मग उठतो. ही नाही म्हणाली तर टोल्यातून एक माणूस हलणार नाही. मी दुसरीकडे कुठे नेऊ? माझ्याकडे नकाशावर हीच जागा आहे."

अण्णा पुढे आले. त्यांनी घसा साफ केला. "शैला, आम्ही केव्हाही म्हणालो होतो हे खरं, पण केव्हाही म्हणजे..."

"म्हणजे केव्हा, अण्णा?"

अण्णा चष्मा पुसू लागले. मी गौरीकडे बघू लागलो. मालतीबाई मात्र पुढे झाल्या. "पाऊस कुठे आहे हो? रिमझिम तर आहे."

"म्हणूनच आत्ता आले," ताई म्हणाली. "पाऊस आल्यावर तुमच्याशी बोलत बसायला वेळ नसता मला."

या सगळ्या वेळात रामकलीबाई हॉल बघत होती. कुणाला न विचारता. तिने संडासाचा नळ सोडला, पाणी हातावर घेतलं, बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात डोकावली. आचाऱ्याने मुकाट्याने झाकण उचलून दाखवलं. स्टेजसमोर येऊन गौरीला हात जोडले आणि केतकीची नथ निरखून पाहिली. "शादी है का, बिटिया?"

"नहीं अम्मा, पूजा है."

"हओ." मग ती ताईकडे वळली. "जगह ठीक है. बीच में उठाओगी तो नहीं? पिछली बार धूप निकली और तुमने हाँक दिया."

"इस बार तुम कहोगी तब जाओगी," ताई म्हणाली. "मैं नहीं कहूँगी."

"और बकरियाँ?"

ताईने रेनकोटच्या खिशातून आराखड्याचा कागद काढला. तो वरपासून खालपर्यंत वाचला. आराखड्यात माणसं होती, म्हातारे होते, बाळंतिणी होत्या, औषधं होती. बकऱ्या नव्हत्या. गेल्या वर्षी शाळेत निम्म्या लोकांचा जीव घराकडे का ओढत होता, ते तिला त्या क्षणी कळलं असावं. तिने कपाळावर हात मारला. "हे माझ्या ध्यानातच नाही आलं."

"टेबल टेनिसच्या खोलीत," मागून सुनीताचा आवाज आला. माझी बायको नऊवारीत, हातात आरतीचं तबक. "तिथे कोण येतंय? बांधा बकऱ्या. पण ताई, गौर हलणार नाही हं. उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय जागची हलवता येत नाही."

"हलवू नका," ताई म्हणाली. "ती स्टेजवर राहील. माणसं खाली."

गुरुजींनी यात शास्त्राची काही अडचण नसल्याचं सांगितलं. त्यांना पुरणपोळीची काळजी होती, असं मला अजूनही वाटतं. रामकलीबाईने तंबाखूची गोळी गालात एका बाजूला सरकवली. "ठीक है. चलो. गाड़ी मँगाओ."

पुढचं सगळं भराभर झालं. शाळेच्या बसेस आल्या. टोल्यातली माणसं गाठोडी, पोरं, पिंजऱ्यातला एक पोपट आणि बकऱ्या घेऊन उतरली. आमच्या सतरंज्या खरोखरच अंथरल्या गेल्या. ताईने प्रत्येकाला काम वाटलं. माझ्या वाट्याला दार आलं. "कोणी परत जाऊ द्यायचा नाही," ती म्हणाली. "पाण्याने कमी मरतात, विसरलेली वस्तू आणायला परत गेलेले जास्त मरतात. अडवशील ना?"

"अडवीन," मी म्हणालो. रेशमी कुर्ता घातलेल्या माणसाने कुणाला अडवायचं म्हणजे काय, याचा विचार मी केला नव्हता. ताई जीप घेऊन शेवटचं घर बघायला गेली आणि थोड्याच वेळात रामकलीबाईचा जावई दाराशी आला. हमालीचं काम करणारा, दारासारखाच रुंद. त्याला टीव्ही आणायचा होता. नवा होता, हप्त्यावर घेतलेला. मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि खर्जातल्या आवाजात म्हणालो, "भैया, मना है." त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं, मला काखेत धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. ठेवलं म्हणजे अगदी अलगद, फुलदाणी ठेवावी तसं.

"ओ! किधर?"

हा मालतीबाईंचा आवाज. विहीणबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या मघापासून रागावलेल्याच होत्या, आणि तो राग आता कुणावर तरी काढायला हवा होता.

"टीवी लेके आता हूँ, अम्मा जी. अभी आया."

"खाना लग गया है. पान मांडा है तुम्हारा. ऐसे उठके जाते हैं क्या, थाली छोड़के? हमारे यहाँ नहीं चलता. बैठो."

"बस पाँच मिनट..."

"बैठो बोला ना!"

तो बसला. का बसला, ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित आयुष्यात त्याला इतक्या हक्काने कुणी जेवायला बसवलं नसेल. मालतीबाईंनी स्वतः वाढलं, वर तुपाची धार सोडली आणि तो उठायला बघायचा की त्या आणखी एक पोळी पानात टाकायच्या. त्याची शेवटची पोळी संपायच्या आत बाहेर आकाश फुटलं. पत्र्यावर दगड पडावेत तसा पाऊस. समोरचं घर दिसेना. जावई दारात येऊन उभा राहिला आणि खरकटा हात तसाच ठेवून बराच वेळ बाहेर बघत राहिला. मला बाजूला ठेवायची गरज त्याला आता नव्हती.

ताई आली ती चिंब होऊन. टोल्यात नाला शिरला होता. गल्ली गेली होती, मागच्या काही भिंती पडल्या होत्या. जावयाच्या घराची भिंत त्यातलीच, टीव्हीच्या बाजूची. "आत कोणी नव्हतं," ताई म्हणाली आणि स्टेजच्या पायरीवर बसून तिने पुरणपोळी मागितली. घरं गेली होती, ते रडू हॉलमध्ये होतंच. ताईने कुणालाही "जीव वाचला ना" असं म्हटलं नाही. आमच्यातल्या एका उत्साही सभासदाने तसं म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा तिने त्याला पाण्याच्या बादल्या भरायला पाठवलं. संध्याकाळी गौरीची आरती झाली. टोल्यातल्या बायका मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. फुगड्या कुणी खेळलं नाही. ते बरोबर दिसलं नसतं. माणसं आठवडाभर राहिली. रामकलीबाई म्हणाली तेव्हाच गेली.

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी फोटो आला तो दुसऱ्याच भागातला. होडी, दोरी, पाण्यात हात वर केलेला माणूस. आमच्या हॉलबद्दल एक ओळ नव्हती. अण्णा फार खट्टू झाले. मी ताईला म्हणालो, "तुझं नाव तरी यायला हवं होतं."

"काय छापतील? लोक जेवले?" ती म्हणाली. तिने त्या वर्षी आराखड्यात दोन ओळी वाढवल्या. एक बकऱ्यांची. दुसरी अशी की दारावर उभा करायचा माणूस अंगाने मजबूत असावा. हे तिने माझ्याकडे न बघता सांगितलं.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोप समारंभात वरचे साहेब भाषणाला उभे राहिले. बऱ्याच शोधाशोधीनंतर म्हणाले की मॅडमच्या काळात, देवाच्या दयेने, सांगण्यासारखं काही घडलं नाही. सभागृहात लोक खुर्च्यांत चुळबुळले. ताईने मात्र मान डोलावली. एखाद्या गवयाला अचूक जागेवर दाद मिळावी, असा तिचा चेहरा झाला होता. मग ती पुण्याला मुलाकडे गेली. तिच्या जागी नवे, तरुण साहेब आले. चांगले आहेत, पण त्यांना अजून शहराचे रस्ते सवयीचे व्हायचे आहेत.

या श्रावणात एक दिवस सकाळपासून अंधारून आलं. टीव्हीवर मोठ्या पावसाचा इशारा होता. मी बँकेत निघालो होतो, तेवढ्यात अण्णांचा फोन आला, "लवकर किल्ली घेऊन ये, हॉलसमोर गर्दी झालीये." मी धावत गेलो. फाटकाबाहेर सगळा टोला उभा होता. गाठोडी, पोरं, पोपट, बकऱ्या. पुढे रामकलीबाई, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. जीप नाही, बस नाही, भोंगा नाही. ती मला बघून म्हणाली, "काय भैया, कितनी देर लगा दी. हम कब से खड़े हैं."

मी खिशातून फोन काढला आणि आधी पुण्याला लावला.

"ताई, टोला आला. आपणहून. अजून मुनादीसुद्धा नाही झाली."

पलीकडे आधी गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग तिने विचारलं, "पाऊस सुरू झाला?"

"नाही. नुसतं भरून आलंय."

"म्हणजे कोरडे आहेत सगळे?"

मी फाटकाकडे पाहिलं. जावई खांद्यावर नवा टीव्ही घेऊन उभा होता. "कोरडे आहेत," मी म्हणालो.

"मग फोनवर काहून बोलून राहिला?" शैलाताई म्हणाली. "कुलूप उघड."